त्याज्य म्हणजे नको नव्हे

आमच्या घरमालकांनी आम्हाला जागा दिली ती आमच्या सामानाचा वास घेऊन.

ऐंशीनंतरची गोष्ट. लग्न होऊन मी नाशिकहून नुकतीच आले होते. नवरा विक्रोळीच्या एका कारखान्यात लागलेला, आणि मुलुंड पूर्वेला एका एकमजली घरातल्या खालच्या दोन खोल्या आम्हाला मिळालेल्या. मालक वर राहायचे. टेम्पोतून सामान उतरायला लागलं तसे ते जिन्यावरून खाली आले. उंच, वाळकुडे, पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, आणि नाक एवढं मोठं की बाकीचे अवयव उरलेल्या जागेत दाटीवाटीने बसलेले. नमस्कार-चमत्कार काही नाही. गादीचा वास घेतला, मान हलवली. तांदळाच्या डब्याचा वास घेतला, मान हलवली. मग माझ्या आईने दिलेली लिंबाच्या लोणच्याची बरणी त्यांच्या हातात आली. त्यांनी फडकं सोडलं, डोळे मिटले, नाक खाली नेलं, आणि म्हणाले,

"त्याज्य."

मला वाटलं, काहीतरी मंत्र म्हणताहेत. पण त्यांनी जिन्याखालून एक बाटली काढली आणि माझ्या डोळ्यांदेखत लोणच्यात फिनेल ओतलं! वरच्या थराला थोडी बुरशी आली होती, हे मी मान्य करते. खालचं लोणचं झकास होतं, असं माझं आजही मत आहे. मी सगळ्या सामानाच्या मध्ये बसून ढसाढसा रडले. नवरा म्हणाला, "दुसरी जागा बघू." दुसरी जागा बघायला त्याला फक्त रविवार मिळायचा, आणि रविवारी तो झोपायचा, म्हणून आम्ही तिथेच राहिलो.

संध्याकाळी वरच्या काकू आंब्याच्या लोणच्याची बरणी घेऊन खाली आल्या. मालवणकडच्या, ठेंगण्या, सदा हसऱ्या. "रडू नको गो," म्हणाल्या. "ह्यांनी नोकरी सोडल्यानी, पण नोकरीन ह्यांका सोडूक नाय."

नोकरी कसली, ते मग कळलं. काका पालिकेच्या मंडयांमधून इन्स्पेक्टर होते. सडकी फळं, शिळे मासे, वास येणारं मटण शोधून काढायचं, जप्त करायचं आणि कुणी परत विकू नये म्हणून त्यावर फिनेल ओतायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. आधी कागदोपत्री 'कंडेम्ड' असं लिहायचे. मग कारभार मराठीत आला, वरून नवे मराठी शब्द आले. बाकीच्या साहेबांनी ते शब्द बाजूला ठेवले आणि 'कंडेम' म्हणत राहिले. काकांना मात्र त्यातला एक शब्द असा आवडला, की त्यांनी तो ऑफिसातून थेट घरी आणला.

ते नुसतं बोलायचे नाहीत, शिक्का मारल्यासारखं बोलायचे. 'त्या' जरा लांबवायचे आणि 'ज्य' वरून खाली आदळायचा. मिक्सरमध्ये वाटलेली चटणी त्याज्य. प्लॅस्टिकच्या बादल्या त्याज्य. सफारी सूट त्याज्य. समोरच्यांकडे रंगीत टीव्ही आला तेव्हा बघायला म्हणून गेले, बातम्या देणाऱ्या बाईंच्या गालांचा रंग निरखला आणि पडद्याला नाक लावून परत आले. निकाल काय लागला, ते सांगायला नको. टीव्हीत फिनेल ओतता येत नाही म्हणून तो वाचला, असं माझा नवरा म्हणायचा.

बिचाऱ्याने एकदा तो शब्द स्वतः वापरायचं धाडस केलं. सर्दी झाली होती, शिंकत जिना उतरणाऱ्या काकांना म्हणाला, "काका, आज मी त्याज्य आहे, लांब राहा." काका दोन पायऱ्या परत वर चढले आणि तिथून म्हणाले, "शब्द स्वस्त करू नका." पुढे आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

मी मात्र वाद घालायला कमी करायची नाही. लोणच्याचा राग होताच. एकदा त्यांनी माझ्या पालकाच्या जुडीला शिक्का मारला, तेव्हा मी कमरेवर हात ठेवून विचारलं, "काका, नुसतं 'नको' म्हटलं तर तोंड झिजतं का?"

ते चिडले नाहीत. जिन्याच्या पायरीवर बसले. शाळेत मास्तरांना आवडता प्रश्न कुणी विचारला की त्यांचं जसं होतं, तसं त्यांचं झालं.

"हे बघ सूनबाई. 'नको' म्हणजे आज नको. उद्या भूक लागली की हवं. 'नापसंत' हे मत झालं, आणि मत बदलतं. 'वर्ज्य' हे मुदतीचं असतं, चातुर्मासात कांदा असतो तसं. 'निषिद्ध' म्हणजे दुसऱ्याने घातलेली बंदी, ती माणूस चोरून मोडतो. आणि 'त्याज्य'..." इथे त्यांनी आवाज खाली आणला. "त्याज्य म्हणजे हातात घेऊन, पारखून, आपल्या हाताने टाकलेलं. ते परत उचलायचं नसतं."

"आणि चुकून टाकलं गेलं तर?"

"म्हणून तर फिनेल ओततात," काका म्हणाले. "परत उचलायचा मोहच नको."

हे सगळं गमतीत खपलं असतं. पण त्या घरात शैला होती, त्यांची एकुलती एक मुलगी, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. गोड आवाज, तिखट जीभ. तिला तिशी जवळ आली होती आणि लग्न जमत नव्हतं, कारण आलेल्या प्रत्येक मुलाला तिचे वडील मंडईत उभं करायचे.

एरवी आपल्याकडे मुलगी दाखवायचा कार्यक्रम झाला की मुलाकडचे पोहे खाऊन जातात आणि मग चार दिवसांनी 'पत्रिका जुळत नाही' असा निरोप येतो. खरं कारण काही का असेना, सगळं पत्रिकेच्या गळ्यात. काकांनी ही रीतच उलटी केली होती. मुलगा आला की त्याला खिडकीपाशी उजेडात बसवायचे. डोळ्यांची बुबुळं पाहायचे. पाणी देण्याच्या निमित्ताने जवळ जाऊन वास घ्यायचे. आणि पाहुण्यांच्या हातातले पोहे संपायच्या आत निकाल सांगून मोकळे. एका मुलाच्या डोक्याच्या तेलावर सांगितला, एकाच्या सफारीवर. एकाबद्दल काकूंनी विचारलं, "ह्या पोराक काय झाला होता?" तर म्हणाले, "डोळ्यांत चमक नाही. किमान दोन दिवसांपूर्वीचा आहे."

"बाबा," शैला म्हणाली, "मला नवरा हवाय, बांगडा नकोय."

आम्ही दोघी हसलो. पण रात्री गॅलरीत ती मला म्हणाली, "हसतेस काय? माझी खरंच वाट लागायची वेळ आलीये." मग तिने सांगितलं. तिच्या एक्सचेंजमध्ये महेंद्र नावाचा मेकॅनिक होता. कोळ्यांचा. वडील लहानपणीच गेलेले, आईने मासे विकून शिकवलेलं. गेली तीन वर्षं दोघं एकमेकांसाठी थांबले होते, आणि ती त्याला घरी आणायला घाबरत होती. गावाकडचे लोक जातीवरून काय म्हणतील याची भीती तिला नव्हतीच. तिला भीती होती त्या एका शब्दाची. "एकदा का बाबांनी तो उच्चारला ना, की संपलं. स्वतःचा शब्द ते मागे घेत नाहीत. मला घर सोडून जायला लागेल, आणि आईला सोडून मला जायचं नाहीये."

त्याच वर्षी काका-काकू काशीला जाऊन आले. काकूंची फार दिवसांची इच्छा होती. यात्रा कंपन्या काकांच्या लेखी केव्हाच निकालात निघाल्या होत्या, त्यामुळे दोघंच गेली.

आता, काशीला गेलेल्या माणसाने तिथे आपल्या आवडीचा एखादा पदार्थ सोडायचा असतो, कायमचा. लोक यात भारी लबाडी करतात. ज्याला कारलं आवडत नाही तो गंगेला कारलं देऊन येतो. माझ्या एका आत्याने तिथे भोपळा सोडला होता आणि आयुष्यभर त्याचं पुण्य मिरवलं. काकांना या गोष्टीचा संताप होता. जाण्याआधीच जाहीर करून गेले होते, "मी सोडीन ते सगळ्यांत आवडीचं सोडीन. आणि काय सोडलं ते सांगणार नाही. गाजावाजा केलेला त्याग हा..." पुढे काय ते ठरलेलंच.

परत आल्यावर मावंदं घातलं. यात्रेहून आलेल्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना जेवू घालायचं असतं. पंगत बसली आणि सगळ्यांच्या नजरा एकट्या काकांच्या ताटावर. वालाची उसळ गेली. अळूचं फदफदं गेलं. खीर गेली, वडे गेले, लिंबूसुद्धा पिळलं गेलं. ताट लख्ख! नवऱ्याने माझ्या कानात सांगितलं, "मासे सोडले असणार. बिचारे." दोन दिवसांनी काकूंच्या घरातून तळलेल्या सुरमईचा वास आला आणि वर काका तिसरा तुकडा मागताना ऐकू आले.

मग मला चेव चढला. मी रोज एकेक वाटी वर पाठवायला लागले. फणसाची भाजी पाठवली, काजूची उसळ पाठवली, कोलंबी पाठवली, पुरणपोळी पाठवली. सगळं संपून वाट्या धुवून परत. शेवटी मी मुद्दाम खोडी काढली. आदल्या दिवशीची, किंचित आंबलेली आमटी वर नेली आणि दारात उभी राहिले. काकांनी वाटी नाकाशी नेली. ते भलंमोठं नाक थरथरलं. त्यांनी डोळे मिटले, ओठ उघडले, जिभेचं टोक दातांमागे गेलेलं मला दिसलं, आणि... काही नाही. तोंड मिटलं. घोट घेतला. म्हणाले,

"थोडी... जुनी आहे."

मी आणि शैलाने एकमेकींकडे पाहिलं. शैलाची वेणी घालायची राहिली होती, तशीच ती मला ओढत खाली माझ्या स्वयंपाकघरात घेऊन आली. "तुझ्या लक्षात आलं का? काशीहून आल्यापासून बाबांनी तो शब्द एकदाही उच्चारलेला नाही."

काकूंना खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्या पदरात तोंड लपवून हसायला लागल्या. "हे गंगेत कमरेइतक्या पाण्यात उभे रवले. भटजीन विचारल्यान, काय सोडतास? हे म्हणाले, सुरमई. मी काठार बसान हसलंय. हे म्हणाले, हसतंस कित्याक? मी म्हटलंय, सुरमई तुमका आवडता, खरा आसा. पण सगळ्यात जास्त काय आवडता, ता मी सांगू? आणि सांगून टाकलंय."

"मग?"

"मगे काय? ह्यांचा तोंड असा झाला! भटजी दुसरे दोन यजमान करून इलो, तरी हे पाण्यातच. थंडीन कुडकुडले. आणि मगे म्हणाले, सोडला."

मला आजही ते डोळ्यांसमोर दिसतं. माणूस खरा होता हो! आम्ही त्याची थट्टा करायचो, पण सगळ्यांत आवडीचं सोडीन म्हणाला आणि बायकोने बोट ठेवून दाखवल्यावर त्याने तेच सोडलं. आत्याच्या भोपळ्याशी याची तुलना होऊ शकत नाही.

शैलाच्या डोक्यात मात्र भलतंच चक्र फिरत होतं. "आई," ती म्हणाली, "रविवारी महेंद्रला बोलावते. आता नाही तर कधीच नाही."

रविवारी महेंद्र आला. सावळा, आडव्या बांध्याचा, घामाघूम झालेला. काकांनी त्याला खिडकीत बसवलं. डोळे पाहिले, वास घेतला. आम्ही दोघी पडद्याआड एकमेकींचे हात धरून उभ्या. काकांच्या तोंडून 'त्' असा नुसता आवाज आला आणि थांबला. त्यांना दुसऱ्या शब्दांत नाही म्हणता आलं असतं. पण बाकीचे सगळे शब्द त्यांच्या हिशेबी कच्चे होते. फिनेलशिवाय टाकलेलं काय टाकलेलं? शेवटी ते म्हणाले, "बसा. पोहे घ्या." त्या घरात काकांच्या तोंडून एवढं कुणाला ऐकायला मिळालं नव्हतं.

"आई काय करतात?" त्यांनी विचारलं.

"मासे विकते. घाटकोपरच्या मंडईत."

काकांचा हात बशीवर थांबला. म्हणाले, "त्यांना घेऊन या. मग बघू."

पुढच्या रविवारी आई आली. मी मदतीला वरच होते. हिरवं नऊवारी, अंबाड्यात गजरा, कानात सोन्याच्या जाड कुड्या, आणि चाल अशी की जिना दबून बसला. "पोरगी कुठं हाय?" म्हणत हसत आत आली, शैलाच्या हनुवटीला हात लावून "झ्याक हाय गो," म्हणाली, आणि मग तिची नजर आरामखुर्चीकडे गेली. हसू तिथल्या तिथे विझलं.

"यो तं फिनेल्या!"

काका उठून उभे राहिले. त्यांनीही तिला ओळखलं होतं. बहुतेक मुलाने घाटकोपर म्हटलं तेव्हाच त्यांना शंका आली होती.

"महेंद्र, ऊठ," ती म्हणाली. "माझ्या भरलेल्या पाटीवर ह्यानं फिनेल वतलं व्हतं. तू पालण्यात व्हतास. तुझा बाप जाऊन वरीस नव्हता झाला. मी ह्याचे पाय धरले, तरी वतलं. ह्या घरची पोरगी आमाला नको."

"आये, ऐक तरी..."

"नको म्हनले ना!"

मायलेक निघून गेले, पोहे तसेच राहिले. काकू पदर डोळ्यांना लावून बसल्या, शैला आतल्या खोलीत गेली आणि कडी लावल्याचा आवाज आला. आजवर त्या खोलीत दुसऱ्यांना निकाल ऐकवणारा माणूस हातात पाण्याचा पेला घेऊन उभा होता. मला त्यांची दया यायला हवी होती. खरं सांगते, आधी मला माझं लोणचं आठवलं. मग दया आली.

मी बश्या गोळा करून निघाले तर त्यांनी मला दारात अडवलं. "सूनबाई, तिने शब्द कोणता वापरला?"

"काका, आता शब्द काय घेऊन बसलात?"

"नीट आठव. दोनदा म्हणाली. 'नको' म्हणाली ना? दुसरं काही नाही ना म्हणाली?"

"नको म्हणाली."

"मग आज नको, एवढंच," काका म्हणाले, आणि खुंटीवरची पिशवी काढून तिच्या शिवणीला भोक आहे का ते बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घाटकोपरला निघाले. काकूंनी मला सोबत धाडलं. "बायकांच्या भांडणात बाईमाणूस बरा. हे काय बोलतीत, नेम नाय." मंडईत शिरलो मात्र, सगळ्या कोळणींमध्ये कुजबुज पसरली. "बगा गो, फिनेल्या आयलाय! फिनेल्या!" निवृत्त होऊन वर्षं झाली, तरी नाव टिकून होतं. पोरीसोरी मान उंच करून पाहत होत्या.

महेंद्रच्या आईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. कोयतीवर सरंगा कापत म्हणाली, "काय पायजे?"

"तुम्ही द्याल ते."

मासे घ्यायला गेलेलं माणूस कल्ला उचलून आतला रंग पाहिल्याशिवाय मासा घेत नाही. माझ्यासारखी नाशिकची बाईसुद्धा ते महिन्याभरात शिकली. आणि इथे हा माणूस, ज्याच्या हाताने लाखभर कल्ले उचलले असतील, हात पाठीमागे बांधून उभा! तिने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग पाटीच्या कोपऱ्यातले, डोळे आत गेलेले, पोट फुटायला आलेले बांगडे निवडून निवडून त्यांच्या पिशवीत टाकले. माझ्या नाकालासुद्धा कळलं. त्या नाकाला काय झालं असेल!

घरी आल्यावर शैला ओरडली, "बाबा, टाका ते!" काकांनी ते शिजवून घेतले, काकूंना आणि शैलाला शिवू दिले नाहीत, आणि एकट्याने खाल्ले. काकू ओव्याचं पाणी घेऊन शेजारी बसल्या. काका म्हणाले, "थोडे जुने आहेत." हे वाक्य आमच्या घरात म्हण म्हणून पुढे कित्येक वर्षं चाललं. नवऱ्याचा मोजा सापडला की मी तेच म्हणायची.

दर दोन दिवसांनी हे असं चाललं. दुसऱ्या का तिसऱ्या खेपेला काका अचानक म्हणाले, "बाई, त्या दिवशी पाटीत वरचे मासे खराब होते. खालचे मी पाहिलेच नाहीत. बघायला हवे होते."

तिने कोयती थांबवली नाही. "मना ठाव हाय. खाली बर्फात पापलेटं व्हती, त्या दिसाची, डोले जित्ते. मी सांगत व्हते, वरचं काढ, खालचं बग. तू आयकलंस?" ती पुढच्या माशाची खवलं काढायला लागली. "मंग सांजंला रिकामी पाटी डोक्यावर घेऊन घरी गेले. पाटीला फिनेलचा वास. केसांना वास. पोराला जवल घेतलं तं तो रडाय लागला, वासानं. यो तुझा भावी जावई."

काकांनी नुसती पिशवी पुढे केली. तिने बोंबील टाकले, पिवळे पडलेले.

असं किती दिवस चाललं, मला आता सांगता येणार नाही. शैला खाली आमच्याकडे येऊन बसून राहायची. महेंद्रने आईशी अबोला धरला होता, त्याचाही काही उपयोग झाला नव्हता. काकांचा सदरा खांद्यावरून लोंबायला लागला. पोट बिघडलं, ताप आला, तरी एक दिवस उठले आणि म्हणाले, "चल, सोमवार आहे." काकूंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी गेले.

मंडईत ते खांबाला धरून उभे राहिले. कपाळावर घाम. तिने नेहमीप्रमाणे एक शिळा रावस उचलून पिशवीत टाकला. माझ्या डोक्यात सणक गेली. मी म्हटलं, "मावशी, आता पुरे करा! माणसाला ताप आहे. तुमचे मासे खाऊन आजारी पडलेत."

ती थबकली. "खाऊन? खातो यो?"

"मग काय करतात वाटलं तुम्हाला?"

"मना वाटला, बाहेर गेला की गटारात टाकीत आसंल." तिने काकांकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट पाहिलं. "रं, खरंच खातोस? सगला?"

"घरात दुसऱ्या कुणाला देत नाही," काका हळूच म्हणाले. "तुम्ही दिलेलं टाकायचं नाही, एवढं ठरवलंय."

ती उठली. तिने त्यांच्या हातातली पिशवी ओढली, आतला रावस काढून मागच्या डब्यात भिरकावला, पिशवी बादलीतल्या पाण्यात खळबळून काढली. मग पाटीतल्या बर्फाखाली कोपरापर्यंत हात घातला आणि दोन पापलेटं वर काढली, रुंद, चंदेरी, डोळे उघडे. शेजारची कोळीण म्हणाली, "काय गो, फिनेल्याला पापलेट?"

"गप बस," महेंद्रची आई तिच्यावर खेकसली. "सडल्याला म्हावरा व्याह्याला घालीन काय मी?"

आधी कुणाला कळलंच नाही. मग सगळी मंडई हसायला लागली, कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि मी तिथेच, त्या मासळीच्या पाण्यात उभी राहून रडायला लागले. काकांनी दोन्ही हातांनी पिशवी उघडी धरली होती. ते माझ्याहून जास्त रडत होते, आणि नाक पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता.